कोकणात राहून कोचकडून मॅरेथॉनची तयारी: कशानंतर काय करायचं

गणपती जवळ आले की दरवर्षी तेच ऐकू येतं. कोच लावलाय, पैसे भरलेत, प्लॅन मोबाईलवर आलाय, तरी गुडघा का दुखतोय, पेस (पळण्याचा वेग) का वाढत नाही, कोच बदलू का? बहुतेक वेळा कोच ठीकच असतो. गडबड वेगळीच असते, कोच बसलाय पुण्यात नाहीतर मुंबईत आणि आपण धावतोय रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढावर, दमट हवेत, आदल्या रात्री नाईट शिफ्ट करून नाहीतर दिवसभर बागेत राबून, आणि यातलं एक अक्षर त्याला माहीत नाही. तो त्याच्या डोळ्यासमोरच्या सपाट रस्त्याचा प्लॅन लिहितो, आपण तो जसाच्या तसा घाटात पळायला जातो आणि तीन आठवड्यांत नडगी धरून बसतो.

पहिली-दुसरी हाफ (२१ किमी) किंवा पहिली फुल (४२ किमी) मॅरेथॉन करणाऱ्या, नोकरी-धंदा-शेती सांभाळून पळणाऱ्या लोकांसाठी हे लिहितोय. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा, कारण निम्म्या चुका क्रम उलटा केल्यामुळे होतात, म्हणजे आधी शूज, मग घड्याळ, मग रेसची फी आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर.

टप्पा १: कोचला फोन करायच्या आधी

आधी शरीर तपासून घ्या. वय चाळीशीकडे झुकलंय, बीपी किंवा शुगर आहे, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आलाय, चढ चढताना छातीत दडपतं किंवा चक्कर येते, यातलं एक जरी असेल तरी डॉक्टरकडे जाऊन सरळ सांगा की मला लांब पळायचंय. ईसीजी तर करतीलच, गरज वाटली तर टूडी एको आणि स्ट्रेस टेस्ट सांगतील. रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-ट्वेल्व्ह, डी-थ्री, थायरॉईड आणि शुगर बघून घ्या. बायकांनी फेरिटिन तर नक्कीच बघा, हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो आणि मग कितीही चांगला प्लॅन असला तरी पाय जड ते जडच राहतात. हे सगळे रिपोर्ट कोचला पाठवा, पण औषधपाण्याचा निर्णय डॉक्टरचा, कोचचा नाही.

दुसरं काम, एक कॅलेंडर घ्या आणि त्यात पळण्याचं काहीही न लिहिता तुमचं वर्ष लिहा. लावणी कधी, गणपती कधी, भातकापणी कधी, आंब्याची बाग असेल तर मोहोराच्या फवारण्या आणि नंतर तोडणी-पॅकिंग कधी, शिमग्यात पालखी तुमच्या वाडीत कधी येते, घरातली लग्नं, मुलांच्या परीक्षा, ऑफिसचं मार्च एंडिंग. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, रात्री आरत्या-भजनं, झोप चार तास, मोदक वेगळेच, त्या आठवड्यात कुणाचंही १८ किमी लाँग रन नीट होत नाही. हे आधी सांगितलं तर कोच तो आठवडा हलका ठेवतो आणि काही बिघडत नाही, नाही सांगितलं तर तुमच्या चार रन बुडतात आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही त्या भरून काढायला जाता, तिथेच दुखापत होते.

आता रेसपासून उलटं मोजा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्याआधीचे १६ आठवडे मोजले की आपण सप्टेंबरच्या शेवटाला येतो. म्हणजे रेसचा प्लॅन सप्टेंबरअखेर सुरू, आणि त्या दिवशी तुम्ही आठवड्याला तीन-चार वेळा मिळून २०-२५ किमी आरामात पळत असायला हवं, हे हाफचं, फुलसाठी अजून जास्त. ही पायाभरणी पावसाळ्यातच होते. दिवाळीनंतर कोच शोधून जानेवारीत फुल पळायची घाई करू नका, त्यातून काही चांगलं निघत नाही.

तपासा: रिपोर्ट हातात, वर्षाचं कॅलेंडर भरलेलं, रेसची तारीख ठरलेली. तिन्ही झालं तरच पुढे.

टप्पा २: कोच निवडताना काय विचारायचं

फी किती हा प्रश्न सगळे विचारतात, हे कुणी विचारत नाही: आठवड्यातून किती वेळा माझा डेटा बघणार? मी आजारी पडलो तर प्लॅन कोण आणि किती वेळात बदलणार? एका वेळी तुमच्याकडे किती लोक आहेत? डोंगराळ आणि दमट भागात पळणाऱ्या कुणाला तुम्ही ट्रेन केलंय का? आणि दुखलं तर तुम्ही काय सांगता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. 'थोडं दुखणारच, पळत राहा' असं पहिल्याच फोनवर म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पहिल्याच बोलण्यात टायमिंगची गॅरंटी देणाऱ्याकडेही नको. तुमची झोप, काम, जुनी दुखणी यांचे प्रश्न जो स्वतःहून विचारतो तो बरा. सगळ्यांना सारखीच पीडीएफ पाठवली जात असेल तर त्याला कोचिंग म्हणत नाहीत, तसा प्लॅन तर फुकट पण मिळतो.

टप्पा ३: पहिली टेस्ट, आणि ती खरी

बहुतेक लोक कोचला आपला पेस अंदाजाने सांगतात, म्हणजे कधीतरी उतारावर मित्रांबरोबर आलेला सगळ्यात भारी पेस. त्यावर अख्खा प्लॅन बांधला जातो आणि प्रत्येक रन तुमच्या ताकदीपेक्षा वरचा होतो.

टेस्ट अशी करा. सपाट जागा शोधा, आपल्याकडे हेच अवघड आहे. क्रीडा संकुलाचं किंवा शाळेचं मैदान सगळ्यात उत्तम, फक्त एक फेरी किती मीटरची आहे ते आधी टेपने मोजा, सगळी मैदानं ४०० मीटरची नसतात. मैदान नसेल तर खाडीकाठचा एखादा सपाट रस्ता घ्या, जाऊन परत यायचं, म्हणजे वाऱ्याचा आणि चढाचा हिशोब सारखा होतो. आदले दोन दिवस जोरात काही करू नका. सकाळी लवकर, १५ मिनिटं हळू पळून वॉर्मअप, मग ५ किमी शक्य तितक्या जोरात पण सुरुवातीलाच न उधळता. शेवटचा किलोमीटर पहिल्यापेक्षा हळू आला असेल तर सुरुवात जास्त जोरात झाली, तेही कोचला सांगा. त्या वेळचं तापमान आणि दमटपणा मोबाईलवर बघून लिहून ठेवा.

या एका आकड्यातून बरंच कळतं. समजा ५ किमीला ३० मिनिटं लागली, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं. अशा माणसाची नीट तयारी केल्यावरची हाफ साधारण २ तास १८ मिनिटांच्या आसपास बसते आणि त्याचा इझी पेस, म्हणजे बोलत बोलत आरामात पळायचा, किलोमीटरला सव्वासात ते आठ मिनिटं असतो. आता याच माणसाने फॉर्मवर 'टार्गेट: दोन तासाच्या आत' लिहिलंय. दोन तासात हाफ म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, सलग २१ किमी. जो पेस ५ किमीला सुद्धा जमत नाही तो २१ ला कसा जमणार? दोन तासाच्या आत यायचं तर ५ किमी साधारण २६ मिनिटांत यायला हवेत. ते होईल, पण एका सीझनमध्ये होईलच असं नाही, आणि हे आज कळलेलं बरं. म्हणून तीन टार्गेट लिहा: सगळं जुळून आलं तरचं, बऱ्यापैकी खात्रीचं, आणि काहीही झालं तरी धडधाकट फिनिश करायचं. कोचला तिन्ही द्या.

हार्ट रेटवर ट्रेनिंग असेल तर एक खबरदारी. मनगटावरचं घड्याळ घाम आणि हालचालीमुळे पुष्कळदा चुकतं, कधी पावलांचा ठेकाच ठोके म्हणून मोजतं. टेस्टच्या दिवशी तरी छातीचा पट्टा कुणाकडून मागून आणा. आणि २२० वजा वय हे सूत्र ढोबळ आहे, एकेका माणसाच्या बाबतीत दहा-पंधरा ठोक्यांनी सहज चुकतं, त्यावर झोन (कुठल्या रनला किती ठोके ते टप्पे) ठरवू नका.

इशारा: टेस्ट दर ६ ते ८ आठवड्यांनी, त्याच जागी, त्याच वेळेला. दर रविवारी स्वतःच्या मनाने टेस्ट घेऊ नका.

टप्पा ४: कुठे पळायचं ते कोचला दाखवा

प्लॅनमध्ये '१२ किमी इझी' लिहिलेलं असतं. मालवण-तारकर्लीकडे सपाट रस्त्यावर ते १२ किमी आणि गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्यावर खालीवर करत ते १२ किमी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा तुमच्याकडचे चार-पाच रूट एकदा घड्याळ लावून चाला किंवा पळा, प्रत्येकाचा एकूण चढ किती मीटर ते काढा, आणि रूटला नाव देऊन कोचला पाठवा. मग तो सांगेल इझी कुठे, लाँग कुठे. चढाच्या रूटवर इझी रन किलोमीटरमध्ये नको, मिनिटांत मागा, '१२ किमी' ऐवजी '८० मिनिटं', ही एक गोष्ट केली तरी निम्मी ओढाताण संपते.

हायवे: मुंबई-गोवा महामार्ग पळण्यासाठी नाही. ट्रक, डायव्हर्जन, पहाटे ड्रायव्हरच्या डोळ्यावर झोप. जुना गावातला रस्ता घ्या. कुठल्याही रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने पळा, रिफ्लेक्टरवालं जॅकेट आणि मागे लाल ब्लिंकर लावा, कानात दोन्ही इअरफोन नको.

सडा: जांभ्याच्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) कच्च्या वाटा पायाला रस्त्यापेक्षा बऱ्या, वारं असतं, गाड्या नसतात. पण आपल्याकडे फुरसं हा विषारी साप याच जांभ्याच्या दगडात असतो, छोटा असतो, दगडाच्या रंगात मिसळून जातो. अंधारात सड्यावर जाऊ नका, जायचंच तर हेडटॉर्च, आणि दगडावर किंवा गवतात बूड टेकून स्ट्रेचिंग करत बसू नका.

घाट: आंबा, कुंभार्ली, फोंडा, करूळ, लोकांना घाटाचं फार आकर्षण. चढ उत्तम व्यायाम आहे, उतारावर घात होतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात जात ब्रेक लावत असतात, दोन दिवस जिना उतरता येत नाही ते त्यामुळे. सुरुवातीला चढावर पळा, उतारावर चाला किंवा कुणाला तरी वर गाडी घेऊन बोलवा. पावसात दरडी आणि धुकं असताना घाट बंदच ठेवा.

किनारा: हे नीट वाचा, कारण समुद्र जवळ आहे म्हणून सगळे वाळूत पळतात आणि टाच नाहीतर पोटरी धरून येतात. कोरड्या मऊ वाळूत टाच खोल जाते आणि अकिलीसवर (टाचेमागच्या जाड शिरेवर) ताण येतो. पळायचं ते ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत. आणि ओहोटी कधी, हे आपल्या कोळी मंडळींना पाठ असलेल्या हिशोबाने काढता येतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. त्याच्या साधारण सव्वासहा तास पुढे-मागे ओहोटी. म्हणजे पौर्णिमेपासून किंवा अमावास्येपासून पुढे तृतीयेपर्यंत पहाटे-सकाळी ओहोटी सापडते, तेही उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांब गेलेलं असतं आणि गुहागर किंवा भाट्यासारख्या किनाऱ्यावर घट्ट वाळूचा रुंद पट्टा मिळतो. अष्टमीच्या आसपास सकाळी सहाला भरती, त्या दिवशी किनारा सोडा. ही तारखांची यादी कोचला महिन्याच्या सुरुवातीलाच पाठवा, तो बीच रन त्याप्रमाणे लावेल. हिशोब ढोबळ आहे, जायच्या आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघा.

अजून दोन गोष्टी. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने लांब गेलात तर एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर-गुडघा धरतो, म्हणून २ किमी जा, २ किमी या, अशा फेऱ्या मारा. आणि अनवाणी पळायचं खूळ एकदम नको, आठवड्यातून एकदा १० मिनिटांपासून सुरू करा. पावसाळ्यात किनाऱ्यावर पळणंच नको.

तपासा: कोचकडे तुमच्या रूटची यादी चढासकट पोचली का?

टप्पा ५: आठवडा लावणं आणि इझी म्हणजे खरंच इझी

साधारण नोकरदार माणसाचा आठवडा असा: तीन किंवा चार रन, त्यात एक लाँग, एक जोराची आणि बाकी इझी, दोन वेळा स्ट्रेंथ, एक दिवस पूर्ण आराम. एकूण पळण्यातला साधारण ८० टक्के भाग इझी असायला हवा. हे वाचून सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी परत दम लागेस्तोवर पळतात.

इझी ओळखायचं कसं, तर पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मोठ्याने भीमरूपी म्हणा, चार चरण न तुटता म्हणता आले तर इझी, प्रत्येक दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय तर हळू करा. चढ आला की चाला. हो, चाला, लाज वाटून घेऊ नका. स्ट्राव्हावर लोक काय म्हणतील म्हणून इझी रन जोरात काढणारे जेवढे बघितलेत तेवढे दुसऱ्या कुठल्याच कारणाने अडकलेले बघितले नाहीत, अगदी कळकळीने सांगतो, ते ॲप प्रायव्हेट करून टाका हवं तर.

आपल्या हवेचा भाग वेगळा. घामाने अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, नुसता गळतो. मग हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलतं, त्याच पेसला ठोके वाढतात, आणि तासाभराने अजून वाढत जातात. हा फिटनेस घसरल्याचा पुरावा नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात, मार्चनंतर आणि पावसाच्या उघडिपीत पेस सोडून द्या, श्वास आणि ठोके बघा. पुण्यातल्या कोचला हे आवर्जून सांगायला लागतं कारण त्याच्याकडे त्याच दिवशी पहाटे गारवा असतो. गरमीला शरीर सरावायला १० ते १४ दिवस लागतात, त्या दिवसांत जोराचे वर्कआऊट कमी करायला सांगा.

लाँग रन हळूहळू वाढवा आणि दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात एकूण अंतर पाव ते तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. हा हलका आठवडा बरेच जण 'मला तर फ्रेश वाटतंय' म्हणून मोडतात. फ्रेश वाटतंय ते त्या आठवड्यामुळेच.

स्ट्रेंथ घरच्या पडवीत होते, जिम लागत नाही: स्क्वॉट, पायरीवर स्टेप-अप, ग्लूट ब्रिज, प्लँक आणि एका पायावर टाच उचलणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीला हात टेकून एका पायावर सलग २० वेळा टाच पूर्ण वर उचलता येत नसेल तर घाटात पळायची अजून वेळ आली नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात: शूजचे दोन जोड आलटून पालटून, आल्यावर आतला सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका. मांड्या आणि काखा सोलवटू नयेत म्हणून व्हॅसलीन. आणि पायाला जखम किंवा भेगा असतील तर साचलेल्या पाण्यातून, शेताच्या बांधावरून पळू नका, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा तापाचा आजार) आपल्याकडे दर पावसाळ्यात असतो. ताप आला आणि पोटऱ्या भयंकर दुखायला लागल्या तर रनिंगमुळे दुखतायत असं समजून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पाण्यातून पळाल्याचं सांगा.

टप्पा ६: पाणी, मीठ, खाणं, सगळं आधी करून बघायचं

घामाची टेस्ट सोपी आहे. एक तासाच्या रनआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, रननंतर अंग पुसून परत करा. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम, मध्ये पाणी प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. एकदा नोव्हेंबरमध्ये, एकदा उकाड्यात करा आणि दोन्ही आकडे कोचला द्या. लांब रनमध्ये वजन दोन टक्क्यांहून जास्त घसरू नये, ६५ किलोच्या माणसाला ते साधारण १.३ किलो. आणि वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय, हे पण धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखणं, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं इथपर्यंत जातं. हळू पळणाऱ्यांना हा धोका जास्त कारण प्रत्येक स्टॉलवर थांबून ते ग्लासभर पाणी पितात.

शहाळ्याचं पाणी उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणून नुसत्या शहाळ्यावर लाँग रन करू नका. मीठ घातलेलं कोकम सरबत चालतं, ओआरएस चालतं, फक्त पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा, लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात नको.

दीड तासाच्या पुढच्या रनमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. एनर्जी जेल, खजूर, चिक्की, गुळाचा खडा, काय पचतं ते लाँग रनमध्येच ठरवायचं. पळायच्या दोन-तीन तास आधी उकड्या तांदळाची पेज आणि मीठ किंवा दोन घावणे अनेकांना छान मानवतात. कुळथाची पिठी, उसळ, तळलेले मासे आदल्या रात्री नकोत.

इशारा: रेसच्या दिवशी नवीन काहीही नाही. ना जेल, ना मोजे, ना मित्राने दिलेली गोळी.

टप्पा ७: कोचला रिपोर्ट द्यायचा तो कसा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बहुतेकांचा मेसेज असतो 'डन सर' आणि एक अंगठा. यातून कोचला काय कळणार? दुसरं टोक म्हणजे घड्याळाचे दहा स्क्रीनशॉट आणि एक शब्द नाही. असा लिहा:

'सर, आज ८० मिनिटं इझी, भाट्याचा रूट. सकाळी ६ वाजता, हवा दमट. जोर दहापैकी ४, शेवटची २० मिनिटं ५. रात्री झोप साडेपाच तास, मुलगा आजारी होता. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला पळताना दुखलं नाही, नंतर दाबलं की दुखतंय, दहापैकी २, कालपासून.'

दोन मिनिटांचं काम आहे. यात कोचला कामाची ओळ शेवटची आहे, आणि लोक नेमकी तीच लपवतात, का तर सर लाँग रन काढून घेतील म्हणून. अहो, काढून घेऊ देत, एक लाँग रन गेला तर काही होत नाही, नडगीचं हाड चिरलं तर सीझन जातो.

बायकांनी पाळीच्या तारखा कोचला सांगायला संकोच करू नका, नुसतं 'हे चार दिवस जोराचं वर्कआऊट नको' एवढं कळवलं तरी प्लॅन हलवता येतो. पाळी दोन-तीन महिने बंदच झाली तर मात्र खाणं कमी पडतंय का हे डॉक्टरकडे जाऊन बघा, ट्रेनिंग जमतंय याची ती खूण नाही.

आणि दोन प्लॅन एकत्र करू नका. कोचचा एक, ग्रुपमधल्या दादांचा एक आणि यूट्यूबवरचा तिसरा, असं केलं की काय लागू पडलं आणि कशाने बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही. कोचचं पटत नसेल तर विचारा, 'सर, हे का?', चांगला कोच कारण सांगतो.

टप्पा ८: रन बुडला, दुखलं, ताप आला

एक-दोन दिवस बुडाले: विसरून जा, पुढच्या रनपासून चालू करा. आठवडा बुडाला: मागच्या आठवड्याच्या अंतरावर परत या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त: कोचला प्लॅन नव्याने लिहायला सांगा, टार्गेटही बदलेल. बुडालेला रन दुसऱ्या दिवशीच्या रनला जोडायचा नाही, कधीच.

ताप असताना पळायचं नाही, अंगातला व्हायरस हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतो. नुसतं नाक गळतंय तर हळू चालेल, छातीत कफ, अंगदुखी, ताप असेल तर आराम, आणि ताप उतरल्यावर आधी चालून बघा.

दुखण्यात फरक करायला शिका. दोन्ही मांड्या सारख्या दुखतायत, हालचाल केली की मोकळं होतं, दोन दिवसांत जातं, हे नेहमीचं. एकाच पायाला, एका बोटाने दाखवता येईल अशा हाडाच्या जागेवर दुखतंय, पळताना वाढत जातं, रात्री झोपल्यावरही ठणकतं, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. सुरुवातीची बारीक चीर एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून लगेच पळायला जाऊ नका, दुखणं तसंच असेल तर परत दाखवा.

इशारा: पेनकिलर घेऊन पळू नका. शरीरात पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीवर भारी पडतात, आणि दुखणं झाकलं जातं ते वेगळंच.

टप्पा ९: शेवटचे तीन आठवडे आणि रेस

हाफच्या आधी ७ ते १० दिवस, फुलच्या आधी दोन ते तीन आठवडे अंतर कमी करायचं, जवळपास निम्म्यापर्यंत, पण थोडं जोराचं पळणं ठेवायचं. या दिवसांत पाय उगाच दुखल्यासारखे वाटतात, भीती वाटते, आणि लोक शेवटच्या रविवारी 'खात्री करायला' २० किमी मारून येतात. त्याने फिटनेस वाढत नाही, फक्त थकवा घेऊन रेसला जाता.

प्रवास आधी ठरवा. रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, जानेवारीत कोकण रेल्वेला गर्दी असते, त्या दिवशीच तिकीट काढा. मुंबईत रेसच्या दिवशी बिब (छातीवर लावायचा नंबर) मिळत नाही, आदल्या दिवसांत जाऊन घ्यावं लागतं, म्हणून शुक्रवारी पोचा, शनिवारी रात्रभर गाडीत बसून रविवारी पहाटे स्टार्टला उभं राहायचं असं करू नका. तुमच्या कॅटेगरीचा स्टार्ट कुठे आहे आणि पहाटे तिथे कसं पोचायचं हे बिबबरोबरच विचारून घ्या. आदल्या दिवशी बिब एक्स्पोमध्ये तीन-तीन तास उभं राहणं, नातेवाईकांकडे फिरणं टाळा. रात्री साधा वरणभात.

रेसमध्ये पहिले ५ किमी ठरलेल्या पेसपेक्षा किलोमीटरला १० सेकंद हळूच. गर्दी, ढोल, टाळ्या, थंड हवा, आपल्या दमट हवेतून गेलेल्या माणसाला मुंबईची जानेवारीची पहाट सुद्धा हलकी वाटते आणि पाय आपोआप सुटतात. घड्याळाने दर किलोमीटरला पेस सांगितला की मागे ओढा. पेडर रोडच्या चढाची भीती आपल्याला नको, तसले चढ आपण रोज बघतो, फक्त तिथे पेस सोडून श्वास सारखा ठेवा आणि उतारावर उधळू नका. पाणी दर स्टॉलला नाही, घामाच्या टेस्टमध्ये ठरलं तसं.

छातीत दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, उकाडा असून अंगावर काटा आला किंवा आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं तर थांबा आणि मेडिकलवाल्याला हाक मारा. पळायला पुढच्या रेस आहेतच.

फिनिशनंतर लगेच बसू नका, १०-१५ मिनिटं चाला, मग खा. पुढचे काही दिवस फक्त चालणं, पोहणं, हलकी सायकल, फुल केली असेल तर दोन आठवडे जोराचं काही नाही. आणि आठवड्याच्या आत कोचला लिहून पाठवा: कुठल्या किलोमीटरला जड झालं, काय खाल्लं, काय पचलं नाही, तीनपैकी कुठलं टार्गेट आलं, आणि शिमगा व आंबा सीझन धरून पुढचे चार महिने तुमच्याकडे किती वेळ आहे.